हाज्जा वनीसांचा बारावा चमचा

पाहुण्या बायका जिना उतरून गल्लीच्या वळणाआड गेल्या आणि हाज्जा वनीसांनी चमचे मोजले. अकरा भरले.

त्यांनी ते पुन्हा मोजले; या खेपेस मखमली पेटीतल्या खाचांत एकेक बसवीत, कारण माणसाची बोटे चुकू शकतात, पेटीच्या खाचा चुकत नाहीत. शेवटची खाच रिकामी राहिली.

चमचे चांदीचे होते. प्रत्येकाच्या दांड्याच्या टोकाला बोराएवढे डाळिंब कोरलेले. हाज्जांना ते त्यांच्या आईने लग्नात दिले होते आणि आईला तिच्या आईने. युद्धाच्या वर्षांत या घरातले तांब्याचे हंडे गेले, गालिचे गेले, शिवणयंत्रसुद्धा गेले. चमचे गेले नाहीत. म्हणूनच घराचा एक नियम होता. वाढण्याचे काम सुनेचे, आवरण्याचे हाज्जांचे. जेवणानंतर मेजावरच्या एकाही वस्तूला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

"नझीहा!"

सून नझीहा ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली.

"मोज."

"लाल्ला, तुम्ही मोजलेत ना?" तिने सासूला विचारले.

"मी मोजलेत म्हणूनच सांगते आहे. मोज."

नझीहाने मोजले. "अकरा."

"बारावा कुणापुढे मांडला होता?"

उत्तर दोघींनाही ठाऊक होते. बारावा चमचा मांडला होता बदीआबाईंपुढे. बदीआबाई म्हणजे तौफीकची आई, माहेरची राजधानीकडची. आणि तौफीक म्हणजे तो मुलगा, ज्याच्याशी हाज्जांच्या नातीची, लुब्नाची, सोयरीक ठरत आली होती. येत्या शुक्रवारी पुरुषमंडळी फातिहा वाचून ती पक्की करणार होती. आजचे जेवण बायकांचे होते आणि हाज्जांनी आपल्या हाताने त्रिदा रांधली होती: कणकेचे नखाएवढे चौकोन, कोंबडीचा रस्सा, हरभरे आणि वर उकडलेली अंडी. कसंतीना शहरात हाज्जा वनीसांच्या त्रिदेचे नाव होते; निदान हाज्जांच्या कानावर तरी तसेच येत असे.

"त्या बाईची पर्स पाहिलीस?" हाज्जा म्हणाल्या. "तिच्यात कोकरू मावेल."

"आजी!" लुब्ना दारातून म्हणाली. "त्या शाळेच्या मुख्याध्यापिका आहेत!"

"म्हणूनच शिस्तीत, एकच घेतला."

मग घर पालथे घातले गेले. गाद्या उचलल्या, नॅपकिन झटकले. नझीहाने कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उलटी केली आणि कोंबडीची हाडे, अंड्यांची टरफले, कांद्याची साले यांत कोपरापर्यंत हात घालून शोधले. हाज्जा खुर्चीवर बसून देखरेख करीत होत्या. "त्या मानेच्या हाडाखाली बघ. नीट बघ. चमचा लाजून लपलेला नाही, त्याला लपवलंय."

बादलीत चमचा नव्हता.

"आणि रोट्यांची पिशवी?" लुब्नाने विचारले.

उरलेली रोटी कचऱ्यात टाकणारे घर त्या गल्लीत नव्हते. रोटी हे देवाचे देणे; ती उचलायची, ओठांना लावायची आणि वेगळ्या कापडी पिशवीत भरून फाटकाजवळच्या खिळ्याला टांगायची. लख्दर नावाचा मेंढपाळ दुपारच्या नमाजानंतर तीनचाकी घेऊन येई आणि सगळ्या गल्लीच्या पिशव्या मेंढ्यांसाठी नेई. प्रश्न पिशवीचा नव्हताच. मेजावरची चादर चारही कोपऱ्यांनी धरून रोट्या गोळा केल्या होत्या त्या खुद्द हाज्जांनी. पिशवीत चमचा गेला असेल, तर तो कुणी टाकला याला दुसरे उत्तर नव्हते.

"रोट्या मी गोळा केल्या," हाज्जा सावकाश म्हणाल्या. "या हातांनी."

नझीहा जमिनीवरच्या फरशीकडे पाहू लागली. लुब्ना मात्र धावत खाली गेली आणि तशीच परत आली. खिळा रिकामा होता.

"झालं तर मग," हाज्जा म्हणाल्या. "शुक्रवारी फातिहा वाचली जाणार नाही. चमचा चोरणाऱ्या घरात मुलगी द्यायची, तर आधी दाराला दुसरं कुलूप लावावं लागेल."

मध्यस्थ वार्दाला, जी जेवणाला हजर होतीच, फोनवरून निरोप गेला की शुक्रवारी घराला रंग द्यायचा आहे, तेव्हा बैठक पुढे ढकलावी. वार्दाने रंग कोणता एवढेच विचारले आणि पुढच्या दहा मिनिटांत चमच्याची सगळी हकिगत काढून घेतली. वार्दाच्या पोटात गोष्ट किती वेळ राहते, हे सर्वांना माहीत होते. संध्याकाळच्या आत बदीआबाईंना कळले असणार.

लुब्ना रडली नाही. ती औषधांच्या दुकानात काम करणारी, हिशेबी बोलणारी मुलगी होती. आजीसमोर बसून ती म्हणाली, "आजी, तौफीक मला पसंत आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. तो मिळाला नाही तर मी मरणार नाही. पण पिशवी न बघता एका बाईला चोर ठरवलंत, म्हणून तो मिळाला नाही, तर ते मी विसरणारही नाही."

हाज्जांना असे बोलण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आपली काळी मलाया काढली, जी आता फक्त लग्नाला आणि मयताला बाहेर निघत असे, आणि डोक्यापासून पायापर्यंत लपेटून घेतली.

"कुठे निघालात, लाल्ला?"

"लख्दरच्या वाड्यावर. टॅक्सी बोलाव आणि तूही चल."

"चमचा शोधायला?"

"चमचा तिथे नाही. तो तिथे नाही, हे दाखवायला मी जाते आहे."

लख्दरचा मेंढवाडा शहराबाहेरच्या उतारावर होता. पत्र्याच्या कुंपणाआड ताडपत्र्या अंथरून त्यांवर शहरभराच्या रोट्या उन्हात वाळत पडल्या होत्या: लांब पाव, चपट्या रोट्या, फुगीर मतलू, कापलेले, चावलेले, जॅम लावलेले. टॅक्सीतून उतरून हाज्जांनी पाहिले आणि त्या जागीच थबकल्या.

ताडपत्रीच्या मधोमध, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, गुडघ्यांवर बसल्या होत्या बदीआबाई.

दोघींची नजरानजर झाली. अशा वेळी कमी संस्काराच्या बायका काय म्हणाल्या असत्या, ते सांगायला नको. पण या दोघी मोठ्या घरच्या होत्या, आणि मोठ्या घरची बाई भांडण्याआधी ख्यालीखुशाली विचारते.

"सलाम, हाज्जा. तब्येत बरी आहे ना?" बदीआबाई गुडघ्यांवरूनच म्हणाल्या.

"देवाची कृपा. तुमची, मादाम?"

"देवाची कृपा. घरची मंडळी?"

"बरी आहेत. तुमच्याकडची?"

"उत्तम. गुडघेदुखी कशी आहे?"

"थंडीत जाणवते. तुमचे गुडघे चांगले दिसतात."

"सवय आहे. शाळेत मुलांचे खडू शोधावे लागतात."

"आणि इथे काय शोधताय?"

"तेच, हाज्जा, जे मी चोरलं असं सगळा मोहल्ला म्हणतो."

"चोरलं असं मी म्हटलं नाही. घराला रंग द्यायचा आहे, एवढंच म्हटलं."

"कोणता रंग ते वार्दाने मला सांगितलं."

नझीहाने डोक्यावरच्या रुमालाचे टोक तोंडाला लावले. तेवढ्यात लख्दर शेडमधून बाहेर आला. पन्नाशीचा, बुटका, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. त्याच्या हातात एक लांब काठी आणि काठीच्या टोकाला बांधलेला चुंबक.

"या, हाज्जा, या! तुम्हीपण? आज माझ्याकडे नुसती मोठी माणसं. काय हरवलंय? चमचा असेल तर शेडमध्ये बघा, खिळ्यांना टांगलेत. बावीस चमचे आहेत, नऊ काटे, तीन सुऱ्या, आणि एक कवळी. कवळी न्यायला अजून कुणी आलं नाही. बिचारा पेजेवर असेल."

"माझा चमचा चांदीचा आहे."

"मग या काठीला लागला नसणार," लख्दर म्हणाला. "ही लोखंडच पकडते. रोज ढिगावरून फिरवतो, नाहीतर जनावराच्या पोटात जायचं. चांदीला ती विचारत नाही."

"माझी चांदी कुणाच्या चुंबकामागे धावत जाणारी नाही," हाज्जा म्हणाल्या.

"ते बाकी खरं. पण तुमच्या घरची पिशवी मी लांबून ओळखतो, हाज्जा. ती सोडली की मेंढ्यांना हाका माराव्या लागत नाहीत. अशा तुटून पडतात!"

हाज्जांनी मान किंचित उंचावली. "चांगल्या घरचं अन्न जनावरालाही कळतं."

"हो ना! तुमच्यामुळे मला मिठाचा दगड विकत घ्यावा ला—"

नझीहाला जोराचा खोकला आला.

"काय म्हणाला तो?"

"ऊन वाढलंय म्हणाला, लाल्ला."

हाज्जांनी मलायाची टोके कमरेला खोचली आणि त्या ताडपत्रीवर उतरल्या. बदीआबाई एका टोकाकडून, हाज्जा दुसऱ्या टोकाकडून. मध्ये नझीहा, जिला दोन्हीकडून हुकूम येत होते. एक रोटी उचलायची, ओठांना लावायची, मोडायची, आत बघायची, ठेवायची. हाज्जा प्रत्येक रोटीला असे करीत होत्या, परक्या घरच्या रोटीलासुद्धा. म्हणूनच थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. बदीआबाई असे करीत नव्हत्या. लांब पावाकडे, चपट्या रोटीकडे त्या ढुंकूनही बघत नव्हत्या. फक्त फुगीर मतलू तेवढी उचलत, तळहातावर तोलत, कानाशी हलवत आणि ठेवून देत.

हाज्जा कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मादाम, तुम्ही शोधत नाही आहात. तुम्ही निवडताय."

बदीआबाईंच्या हातातली रोटी खाली पडली. "नाही हो. म्हणजे... मतलूच्या पोटात जागा असते ना. सहज अडकू शकतो."

"सहज? चमचा काय झोपायला गेला होता तिच्या पोटात?"

याच क्षणी शेडमागून गलका उठला. दोन मेंढे एका रोटीवर डोकी आपटत होते, आणि त्या आपटण्याच्या मधूनच दातांवर धातू घासल्याचा, अंगावर काटा आणणारा आवाज आला.

बदीआबाई उठल्या आणि पळाल्या. हाज्जा वनीसा गेल्या पंधरा वर्षांत पळाल्या नव्हत्या, त्याही पळाल्या. बदीआबाईंनी रोटीचे एक टोक धरले, मेंढ्याने दुसरे सोडले नाही. हाज्जांनी मेंढ्याचे शिंग धरले. "सोड, मेल्या! ते माझ्या आईचं आहे!" लख्दर मेंढ्याला नावाने हाका मारीत होता, नझीहा सासूला मागून धरून ओढत होती, आणि मग रोटी फाटली.

चमचा खाली पडला. डाळिंबासकट, एक ओरखडासुद्धा न पडलेला. आणि त्याच्यामागोमाग रोटीच्या पोटातून बाहेर आली त्रिदा. कणकेचे चौकोन, हरभरे, कोंबडीचा एक मोठा तुकडा आणि अर्धे अंडे. एक पूर्ण ताट, जेमतेम हात लावलेले.

मेंढा तेवढा बिनदिक्कत खात राहिला.

हाज्जांनी चमचा उचलला नाही. त्या त्रिदेकडे पाहत राहिल्या. चोरीचा प्रश्न सुटला होता. पण त्यांच्यापुढे आता जे पडले होते ते चोरीहून मोठे होते.

"हे तुम्ही केलंत," त्या म्हणाल्या.

"मी केलं," बदीआबाई म्हणाल्या. आता त्यांचा आवाज मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. "मला रक्तदाब आहे, हाज्जा, डॉक्टरांनी..."

"खरं सांगा. मी मक्केला जाऊन आलेली बाई आहे. माझ्यासमोर खोटं बोलू नका."

बदीआबाईंनी दुमडलेल्या बाह्या खाली ओढल्या. "पहिला घास घेतला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्ही समोरच होतात. म्हणालात, 'बघा, आवडलं म्हणून डोळे भरून आले,' आणि आणखी एक डाव वाढलात. मग तुम्ही कोंबडी आणायला वळलात. मी मतलू उघडली आणि ताटातलं सगळं आत सारलं. तेवढ्यात तुम्ही परत फिरलात! चमचा कुठे ठेवू? तोही आत गेला. आणि तुम्ही ताट बघून म्हणालात..."

"मी म्हणाले, राजधानीकडच्या बायकांना जेवता येतं असं वाटलं नव्हतं."

"हो. मग मी आणखी काय बोलणार?"

"पण झालं होतं काय त्रिदेला?"

लख्दर काठीचा चुंबक निरखू लागला.

"मीठ, हाज्जा," बदीआबाई म्हणाल्या. "खूप मीठ."

हाज्जा हळूहळू सुनेकडे वळल्या. "नझीहा."

"लाल्ला..."

"केव्हापासून?"

नझीहाने बावीस वर्षांच्या संसारात सासूला एकदाही उलट उत्तर दिले नव्हते. तिने खालच्या मानेने सांगितले, "दोन रमजान झाले."

"आणि तुम्ही सगळे खात होतात?"

"तुम्ही नमाजाला उठलात की मी थोडा रस्सा काढून घेते आणि पाणी घालते. कणकेचं मात्र काही करता येत नाही. काल तुम्ही पातेल्यापासून हललाच नाहीत."

"वार्दा काल जेवताना तांब्याभर पाणी प्यायली. मला वाटलं, उकाडा."

"उकाडा नव्हता, लाल्ला."

हाज्जा वाकल्या. मेंढ्याचे तोंड पोचले नव्हते त्या भागातून त्यांनी एक हरभरा उचलला, पुसला आणि तोंडात घातला. सगळे बघत होते. बदीआबाईंनी हात पुढे केला, पण अडवायला धजल्या नाहीत. हाज्जांनी हरभरा सावकाश चावला, डोळे मिटले, जिभेवर फिरवला. मग दुसरा खाल्ला.

त्यांच्या जिभेला मीठ नेमके लागत होते. आईच्या हातच्या त्रिदेइतके. ना चिमूटभर जास्त, ना कमी. त्यावरून त्यांना जे कळायचे ते कळले.

त्या म्हणाल्या, "सात वर्षांची होते, तेव्हापासून मी मीठ मोजलेलं नाही. हातालाच ठाऊक असायचं."

"हाताला अजून ठाऊक आहे, हाज्जा," बदीआबाई हळूच म्हणाल्या. "फक्त जीभ त्याला फितवते आहे. माझ्या आईचंही असंच झालं होतं. ती साखर घालायची."

"कशात?"

"सगळ्यात. माशातसुद्धा."

हाज्जांच्या ओठाचे एक टोक हलले, पण त्यांनी ते लगेच जागेवर आणले. चमचा उचलून मलायाच्या आत ठेवला आणि पाठ ताठ केली. आता त्या पुन्हा त्या होत्या.

"नझीहा, वार्दाला फोन लाव. म्हणावं, रंग रद्द. चमचा मी स्वतः रोट्यांबरोबर चादरीतून पिशवीत झटकला, माझं लक्ष नव्हतं. एवढंच सांगायचं. आणि शुक्रवारी फातिहा ठरल्या वेळी."

"असं कसं, हाज्जा?" बदीआबाई ताडकन म्हणाल्या. "चूक माझी. मी सांगेन की चमचा मी रोटीत घातला."

"आणि का घातला, ते वार्दा विचारणार नाही? शहरभर माझ्या मिठाची बोंब व्हायला हवी आहे का तुम्हाला?"

"मग सांगू की मला भूक नव्हती."

"माझ्या घरी जेवायला येऊन भूक नव्हती? त्यापेक्षा चोर बऱ्या तुम्ही!"

"पण तुम्ही विसराळू आहात, असं लोक म्हणतील."

"म्हणू देत. अठ्ठ्याहत्तरीच्या बाईला विसरायचा हक्क आहे. खारट रांधायचा नाही."

"मी हे मान्य करणार नाही. मी मुख्याध्यापिका आहे. दुसऱ्याच्या माथी स्वतःची चूक मी कधी मारली नाही."

"आणि मी मुलीकडची आहे. चमचा माझा, चादर माझी, पिशवी माझी. चूकही माझीच राहील. मध्ये बोलू नका, विहीणबाई!"

शब्द तोंडातून गेला होता. बदीआबाईंनी तो ऐकला. त्यांनी पुढे वाद घातला नाही, असे मात्र झाले नाही. टॅक्सीत बसताना त्यांनी तो नव्याने सुरू केला, आणि उतारावरून पुलापर्यंत दोघीही मागच्या आसनावर एकमेकींचा दोष एकमेकींकडून हिसकावून घेत होत्या. चालकाने दोनदा विचारले, कुणाकडे आधी जायचे. कुणी उत्तर दिले नाही. पुढे बसलेल्या नझीहाने फोन कानाला लावून लुब्नाला एवढेच सांगितले, "शुक्रवारचा पोशाख इस्त्री करून ठेव. तुझ्या दोन्हीकडच्या बायका भांडताहेत. आता काही मोडत नाही."

"कुणाशी बोलतेस?" मागून हाज्जांनी विचारले.

"लुब्नाशी, लाल्ला."

"तिला सांग, शुक्रवारी त्रिदाच होईल. मीठ तू घालशील." त्यांनी मलायाच्या आतला चमचा चाचपला. "मी शेजारी उभी राहीन. आणि मी 'पुरे' म्हणेन, त्याच्या आधी तू थांबायचंस."

"आणि मी दोन ताटं खाईन," बदीआबाई म्हणाल्या.

"खाल. माझ्यासमोर बसून, रोटीला हात न लावता."